रात्री तीन वाजता जाग येते तेव्हा

चिरंजीव बाळास,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, माझा विश्वास कमी पडतोय. रात्री तीनला जाग येते आणि छाती धडधडायला लागते." नोकरीचं काही खरं नाही, घराचे हप्ते चालू, त्यात सूनबाईचे दिवस भरत आलेले. तेव्हा मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

आधी डॉक्टरांना दाखवून ये. प्रार्थना करणाऱ्यानं दवाखान्यात जाऊ नये, असं शास्त्रात कुठंही नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता.

आणि भीती वाटली म्हणजे विश्वास गेला, हे तुझ्या मनात कुणी भरवलं? बायबलातलं ५६वं स्तोत्र काढून वाच. दाविदाला त्याच्या शत्रूंनी, पलिष्ट्यांनी, गथ गावात धरलं होतं, तेव्हाचं त्याचं स्तोत्र आहे ते. मला भीती वाटते, हे तो देवाला उघड सांगतो आणि त्याच घटकेला देवावर भाव ठेवतो. भीती सरायची वाट बघत बसत नाही.

तू तिसरीत होतास तेव्हा पप्पांची गिरणी बंद पडली. इतकी वर्षं भोंग्यावर आपलं घर उठायचं, जेवायचं. तो थांबला आणि पहाटेच्या त्या शांततेचीच मला धास्ती बसली. मी टॉवेलच्या कडा शिवायला घेतल्या, डझनावर पैसे मिळायचे. रात्री मशीन थांबवून आडवी झाले की तुझी फी, किराणा, भाडं, सगळं डोक्यात फिरायचं. लांबलचक प्रार्थना सुचतच नसे. "प्रभू, जागा आहेस ना?" एवढंच म्हणायची.

त्याच दिवसांत वादळाची गोष्ट मी मार्काच्या शुभवर्तमानात वाचली, मग मत्तयाच्या. मचव्यात पाणी शिरतंय आणि येशू उशी घेऊन झोपलाय. शिष्य त्याला हलवून उठवतात. मार्कात तो आधी वारा थांबवतो, मग विचारतो, का घाबरलात? मत्तयात मात्र आधी शिष्यांशी बोलतो आणि मग वाऱ्याला दटावतो. म्हणजे मचवा हेलकावे खात असतानाच त्याचं बोलणं सुरू झालेलं असतं! कितीतरी वेळा वाचलेली गोष्ट, पण हे मला त्या रात्री दिसलं आणि मी रडले. गिरणी काही पुन्हा उघडली नाही. पण त्या रात्री मला झोप लागली. पुढच्याच आठवड्यात चर्चच्या मंडळीतल्या एक बाई दारात ज्वारीचं पोतं ठेवून गेल्या. एका शब्दानं काही बोलल्या नाहीत. त्यांची आठवण आजही माझ्या प्रार्थनेत असते.

तू पुण्याला जाता-येता वाटेत केडगाव लागतं. तिथं पंडिता रमाबाईंनी निराधार बायकांसाठी काढलेलं मुक्ती मिशन आहे. दुष्काळात त्यांचे आईवडील गेले, बहीण गेली. पुढे भाऊ गेला. १८८२ साली नवरा गेला, तेव्हा पदरात तान्ही मनोरमा. तीही १९२१ साली त्यांच्या आधी गेली. तरी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्याचं काम त्यांनी पुरं केलं आणि १९२२च्या एप्रिलमध्ये डोळे मिटले. एवढी दुःखं सोसलेल्या बाईला शांती कुठून मिळाली असेल, याचा मी फार विचार केलाय. "जसे जग देते तसे मी तुम्हांला देत नाही," हे योहानाच्या १४व्या अध्यायातलं येशूचं वचन त्यांच्याकडे पाहिलं की मला कळतं. जग देतं ती शांती पगारासोबत येते आणि पगारासोबतच जाते.

रविवारची उपासना झाली की सोमवारी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं मी येते. पप्पा नंतर येतील. सूनबाईसाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घेतेय. तिला म्हणावं, जड काही उचलू नकोस.

तोवर तीनला जाग आली तर फोन कर. त्या वेळी मी जागीच असते, तुझं नाव घेत.

तुझी,
आई
सोलापूर