स्नायूंची फडफड आणि अनाठायी धास्ती

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पोटरी, दंड किंवा पापणी आपोआप फडफडू लागली की मोबाईलवर शोध घ्यायचा आणि ‘मोटर न्यूरॉन डिसीज’ हे नाव वाचून झोप उडवून घ्यायची, हा प्रकार माझ्यासारख्या फॅमिली डॉक्टरकडे येणाऱ्या तरुणांमध्ये अलीकडे वरचेवर दिसतो. पूर्वी डोळा लवला तर लोक शुभ-अशुभ पाहत. त्यात निदान निम्मी शक्यता तरी शुभाची असे! स्टीफन हॉकिंग यांना हा आजार एकविसाव्या वर्षी झाल्याचे वाचून विशीतली मुले घाबरतात, पण त्याचे बहुतेक रुग्ण पन्नाशी ओलांडलेले असतात, आणि निदानानंतर पन्नासहून अधिक वर्षे जगलेले हॉकिंग दोन्ही बाबतींत अपवादच होते.

या आजारात स्नायूंना चालवणाऱ्या मज्जापेशी नष्ट होत जातात, त्यामुळे त्याची खरी खूण फडफड ही नसून शक्ती जाणे ही आहे. शर्टाची गुंडी लावता येत नाही, किल्ली फिरवताना बोटे साथ देत नाहीत, चालताना पायातली चप्पल निसटते, बोलणे जड होते किंवा गिळताना ठसका लागतो, आणि हे दिवसागणिक वाढत जाऊन त्या भागातले मांस झडू लागते. याउलट, ज्याची पोटरी आज आणि खांदा उद्या फडफडतो, पण जो जिना पूर्वीइतक्याच सहज चढतो, त्याची फडफड बहुधा निरुपद्रवी असते. निरोगी माणसांपैकी बहुतेकांना ती कधी ना कधी जाणवतेच. अपुरी झोप, चहा-कॉफीचा अतिरेक, दमवणारा व्यायाम, मानसिक ताण, दम्याची काही औषधे, थायरॉइडचा अतिरेकी स्राव किंवा रक्तातील कॅल्शियम-मॅग्नेशियमची कमतरता ही तिची नेहमीची कारणे आहेत. शिवाय धास्तीने फडफड वाढते आणि वाढलेल्या फडफडीने धास्ती वाढते.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी 1993 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरुपद्रवी फडफड असलेल्या 121 जणांचा 2 ते 32 वर्षे मागोवा घेण्यात आला होता; त्यांपैकी एकालाही मोटर न्यूरॉनचा आजार झाला नाही. क्वचित एखाद्या रुग्णात फडफड आधी दिसते आणि अशक्तपणा काही महिन्यांनी येतो, हे खरे आहे. म्हणूनच चिंता वाटत असेल तर एकदा डॉक्टरांकडून हातापायांची ताकद नीट तपासून घ्यावी, आणि त्यांना गरज वाटली तर ईएमजी, म्हणजे स्नायूंमधील विद्युत हालचाल नोंदवणारी तपासणी, करावी. ती तपासणी निर्दोष आल्यावरही शहर बदलून, डॉक्टर बदलून ती पुन्हा पुन्हा करवून घेण्यात मात्र पैसा आणि मनःशांती दोन्ही जातात. अशा वेळी मज्जाविकारतज्ज्ञापेक्षा मानसोपचारतज्ज्ञाचा उपयोग अधिक होतो, आणि त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

ज्या फडफडीला खरोखर घाबरायला हवे, तिच्याविषयी मात्र फारसे छापून येत नाही. ऑर्गनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशके मज्जातंतूंकडून स्नायूला मिळणारा संदेश थांबवणाऱ्या द्रव्याचे काम बंद पाडतात. त्यामुळे स्नायू थरथरत राहतात आणि अखेरीस श्वासाचे स्नायूच थकतात. फवारणीनंतर घाम, तोंडाला लाळ, उलट्या, अंधुक दिसणे, छाती भरून येणे यांच्या जोडीने अंग फडफडू लागले तर कपडे उतरवून, साबणाने अंग धुऊन, कीटकनाशकाच्या डब्यासह तडक रुग्णालय गाठावे. तेथे ॲट्रोपिनसारखा उतारा मिळू शकतो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपल्या वाचकांच्या स्मरणात असेलच.

माझी विनंती अशी की, आरोग्य पुरवणीत गंभीर आजारांच्या लक्षणांच्या चौकटी देताना त्यांतले कोणते लक्षण एकटे आले तर चिंतेचे नसते, हेही त्याच चौकटीत द्यावे. आणि कपाशीच्या फवारणीच्या हंगामात विषबाधेची वरील लक्षणे ग्रामीण आवृत्त्यांच्या पहिल्या पानावर छापावीत.

आपला,
एक फॅमिली डॉक्टर, सातारा