समालोचकाला पदके नव्हे, शर्यत वाचता यावी लागते

संपादक महोदय,

निवृत्त धावपटू समालोचनाकडे कसे वळतात, यावरचा लेख आपल्या क्रीडा पानावर वाचला. त्यासाठी त्रिनिदादचा माजी धावपटू ॲटो बोल्डनचे उदाहरण घेतले हे उत्तमच झाले. पण चार ऑलिंपिक पदके गळ्यात होती म्हणून एनबीसी या अमेरिकी वाहिनीने त्याला माईक दिला आणि पुढचे सगळे आपोआप जमत गेले, असा लेखाचा सूर आहे. तो पटत नाही. पदकांमुळे फार तर पहिले बोलावणे येते. दुसऱ्या मोसमात पुन्हा बोलावतात ते वेगळ्याच कारणांसाठी, आणि लेखात त्यांचा उल्लेखही नाही.

आधी कारकिर्दीविषयी, कारण लेखात ती फारच घाईने उरकली आहे. बोल्डन १९७३चा, त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनचा. चौदाव्या वर्षी अमेरिकेत गेला, तेव्हा तो फुटबॉल खेळायचा. १९९२ मध्ये सोलच्या कनिष्ठ जागतिक स्पर्धेत १०० आणि २०० मीटर या दोन्ही शर्यती त्याने जिंकल्या. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये दोन कांस्यपदके (९.९० आणि १९.८० सेकंद), १९९७ मध्ये अथेन्सला २०० मीटरचे जागतिक विजेतेपद (२०.०४), १९९८ मध्ये क्वालालंपूरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०० मीटरचे सुवर्ण (९.८८), २०००च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये एक रौप्य आणि एक कांस्य. १०० मीटरमध्ये ९.८६ ही सर्वोत्तम वेळ त्याने एकदा नव्हे, चार वेळा नोंदवली. २०० मीटरमध्ये १९.७७.

चार ऑलिंपिक पदके, त्यांत सुवर्ण एकही नाही. बेली, फ्रेडरिक्स, मायकेल जॉन्सन, ग्रीन, केंटेरिस, कॅम्पबेल हे सगळे कधी ना कधी ऑलिंपिकच्या अंतिम रेषेवर त्याच्या पुढे होते. दहा-वीस शतांश सेकंदांनी हरणारा माणूस ते शतांश नेमके कुठे गेले याचा छडा लावत बसतो, आणि समालोचकाला नेमकी हीच सवय लागते. अर्थात हा काही नियम नव्हे. चार ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवलेला मायकेल जॉन्सन २००१ पासून बीबीसीवर तेच काम करत आला आहे आणि फार चांगले करतो. विजेत्यांनाही शर्यत उकलून सांगता येते, पण त्यासाठी स्वतःच्या पराक्रमाच्या गोष्टी बाजूला ठेवाव्या लागतात.

बोल्डनच्या धावण्याचा शेवट कडू झाला. २००२ मध्ये त्रिनिदादमध्ये एका मद्यधुंद चालकाने त्याच्या मोटारीला समोरून धडक दिली आणि त्याच्या नितंबाच्या सांध्याला गंभीर दुखापत झाली. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये १०० मीटरची पहिली फेरीही त्याला पार करता आली नाही. पुढे तो वर्षभर त्रिनिदादच्या सिनेटचा सदस्य होता. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकपासून तो एनबीसीच्या चमूत आहे.

आता मुख्य मुद्दा. अमेरिकी प्रक्षेपणात शर्यतीच्या वेळी निदान दोन वेगळी कामे असतात. एक जण शर्यत चालू असताना काय घडते आहे ते सांगतो; दुसरा, म्हणजे विश्लेषक, शर्यतीआधी आणि पुनर्प्रक्षेपणाच्या वेळी ते का घडले ते सांगतो. बोल्डन हा दुसऱ्या खुर्चीतला माणूस. १०० मीटरच्या दहा सेकंदांत पंचवीस-तीस शब्दांपेक्षा जास्त मावत नाहीत. त्यात दोघे बोलू लागले की प्रेक्षकाच्या हाती काहीच लागत नाही. निवृत्त धावपटूची पहिली चूक इथेच होते: बंदूक वाजली की अंगात जुना धावपटू संचारतो आणि तो ओरडू लागतो. गप्प बसणे हे विश्लेषकाचे पहिले कौशल्य. शिवाय कानातल्या इअरपीसमध्ये दिग्दर्शक पुढची फ्रेम कोणती, किती सेकंद उरलेत हे सांगत असतो. ते ऐकताना हातातले वाक्य न तोडता पुरे करणे सरावानेच जमते.

गृहपाठाचे म्हणाल तर विश्लेषकाच्या हातातल्या कागदावर लेनच्या क्रमाने आठ नावे लागतात. प्रत्येकासमोर मोसमातली सर्वोत्तम वेळ, त्या वेळी वारा किती होता, आणि याच स्पर्धेच्या आधीच्या फेऱ्यांतला ब्लॉकमधून सुटण्याचा प्रतिसाद, म्हणजे बंदूक वाजल्यापासून सुटेपर्यंत गेलेले सेकंद. शेवटचा आकडा बहुतेक जण टाळतात, आणि खरे तर तोच सगळ्यांत बोलका असतो. उपांत्य फेरीत ०.१३०ने सुटलेला धावपटू अंतिम फेरीत ०.१८०ने सुटला तर तो घाबरला होता, की त्याने मुद्दाम सावध सुरुवात केली, हे सांगण्यासाठी आधीचा आकडा समोर हवा.

त्या सावधपणाची कारणेही माहीत हवीत. ०.१०० सेकंदांपेक्षा आधी झालेली हालचाल चुकीची सुरुवात धरतात. २०२२च्या युजीन जागतिक स्पर्धेत ११० मीटर अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीत डेव्हन ॲलन ०.०९९ला सुटला आणि एका सहस्रांशासाठी बाद झाला. २००२ पर्यंत प्रत्येकाला एक चूक माफ होती. २००३ ते २००९ या काळात सगळ्यांत मिळून एक चूक माफ, त्यानंतर चुकेल तो बाहेर. २०१० पासून पहिल्याच चुकीला बाद. अटलांटाच्या अंतिम शर्यतीत लिन्फर्ड क्रिस्टी दोनदा चुकून बाहेर गेला, आणि मधली एक चूक खुद्द बोल्डनच्या नावावर होती. चौथ्यांदा बंदूक वाजली तेव्हा डोनोव्हन बेली ०.१७४ इतक्या उशिरा सुटला आणि तरी ९.८४चा जागतिक विक्रम करून गेला. ‘सुरुवात गेली की शर्यत गेली’ हे पालुपद बोल्डनच्या तोंडी क्वचितच येते, त्याचे नवल वाटायला नको.

समालोचनातली सगळ्यांत हट्टी चूक म्हणजे ‘शेवटच्या वीस मीटरमध्ये त्याने वेग वाढवला’ हे वाक्य. १०० मीटरच्या शेवटी कोणीच वेग वाढवत नाही. सर्वोच्च वेग साधारण ६० ते ८० मीटरच्या टप्प्यात येतो आणि मग सगळेच मंदावतात. पुढे निघालेला दिसतो तो इतरांपेक्षा कमी मंदावलेला असतो. बर्लिनमध्ये २००९ साली ९.५८ सेकंदांत धावलेल्या उसेन बोल्टला ६० ते ८० मीटरसाठी १.६१ सेकंद लागले आणि शेवटच्या २० मीटरसाठी १.६६. जगातल्या सर्वांत वेगवान शर्यतीतही शेवटचा टप्पा आधीच्यापेक्षा संथच आहे. विश्लेषकाने हे प्रत्येक वेळी आकड्यांनिशी सांगायची गरज नाही, पण ‘त्याने शरीर ताठ होऊ दिले नाही’ एवढे तरी नेमके सांगावे. जबडा आवळला, खांदे वर गेले, पाऊल शरीराच्या फार पुढे पडू लागले, की धावपटू मंदावत असल्याची ती खूण असते. पुनर्प्रक्षेपणात हे स्पष्ट दिसते. कोणीतरी बोट ठेवून दाखवायला हवे, इतकेच.

२०० मीटरमध्ये डोळ्यांची फसगत वेगळी. वळणामुळे आठव्या लेनचा धावपटू पहिल्या लेनपेक्षा सुमारे साडेसव्वीस मीटर पुढून सुटतो. पडद्यावर तो आघाडीवर दिसतो, पण ती आघाडी नसते. लागून असलेल्या दोन लेनमध्ये साधारण ३.८ मीटरचा फरक असतो. सुटतानाचे हे अंतर वळणावर किती भरून निघाले, यावरून कोण वेगात आहे ते कळते. सरळ पट्टी येण्याआधीच ‘आठव्या लेनवाला पुढे’ म्हणणारा समालोचक हे अंतर विसरलेला असतो. वळणावर पायाखाली पाहणेही तितकेच गरजेचे. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकच्या २०० मीटरमध्ये चुरांडी मार्टिना दुसरा आणि वॉलेस स्पिअरमन तिसरा आला, पण लेनच्या रेषेवर पाय पडल्यामुळे दोघेही बाद झाले आणि पदके मागून आलेल्यांना मिळाली.

पॅरिस २०२४ची १०० मीटर शर्यत तर प्रत्येक होतकरू समालोचकाला दाखवावी. नोहा लाईल्स ०.१७८ इतका उशिरा सुटला आणि होता सातव्या लेनमध्ये. सगळ्यांचे डोळे मधल्या, चौथ्या लेनमधल्या किशेन थॉम्प्सनवर. एनबीसीवर शर्यत सांगणाऱ्या ली डिफीने थॉम्प्सन जिंकल्याचे जाहीर करून टाकले. निकाल आला तो ९.७८४ आणि ९.७८९ असा, लाईल्सच्या बाजूने. पाच सहस्रांश म्हणजे रेषेवर जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर. निकाल धडावर ठरतो. डोके, मान, हात, पाय त्यात धरत नाहीत, त्यामुळे पाय आधी पोहोचवणाराही हरू शकतो. कॅमेरा रेषेच्या अगदी सरळ नसेल तर जवळची लेन पुढे गेल्यासारखी वाटते. अशा वेळी ‘फोटो पाहावा लागेल’ एवढे म्हणून थांबायचे असते. डिफीने नंतर चूक मोकळेपणाने मान्य केली, त्याबद्दल त्याला पूर्ण गुण.

रिलेविषयी थोडक्यात. बॅटन बदलण्याचा पट्टा आता ३० मीटरचा आहे आणि बॅटन पट्ट्यात आहे की नाही एवढेच पाहतात, धावपटू कुठे आहे ते नाही. पॅरिसमध्ये अमेरिकेचा पुरुष संघ याच पट्ट्यामुळे बाद झाला.

एक अवघड बाजू लेखात आलीच नाही. बोल्डनने त्रिनिदादसाठी धावणाऱ्या खलिफा सेंट फोर्टला प्रशिक्षण दिले आहे. आपल्या शिष्येच्या शर्यतीवर बोलताना ते नाते आधी सांगणे हे प्रेक्षकाचे देणे आहे. उत्तेजकांचा विषय निघाला की जुने खेळाडू सहसा गुळमुळीत बोलतात. बोल्डनला तसे करून भागत नाही. २००१ मध्ये त्याच्याच नमुन्यात इफेड्रिन हे उत्तेजक सापडले होते आणि त्याला ताकीद मिळाली होती. त्याच वर्षी एडमंटनच्या जागतिक स्पर्धेत तो १०० मीटरमध्ये चौथा आला. पुढे त्याच्या पुढे असलेल्या टिम माँटगोमेरीची कामगिरी उत्तेजकांच्या प्रकरणात रद्द झाली तेव्हा तेच स्थान कांस्यपदकाचे ठरले. दोन्ही बाजू माहीत असलेल्या माणसाने या विषयावर सरळ बोलावे, अशी अपेक्षा गैर नाही.

शेवटी आपल्या पानासाठी एक सूचना. धावण्याच्या निकालात आपण नाव, देश आणि वेळ छापता; १०० आणि २०० मीटरसाठी वाऱ्याचा वेगही छापावा. अटलांटात २०० मीटरमधले जॉन्सनचे १९.३२ सेकंद ताशी नव्हे, सेकंदाला ०.४ मीटर अनुकूल वाऱ्यात आले, बीजिंगमध्ये बोल्टचे १९.३० सेकंद ०.९ मीटर प्रतिकूल वाऱ्यात. वारा न छापता हे दोन आकडे शेजारी ठेवले तर फरक दोन शतांशांचाच वाटतो. जागेची अडचण असेल तर देशाचे नाव तीन अक्षरांत छापा, वाऱ्याला जागा होईल.

आपला,
एक नियमित वाचक