घरच्या इंटरनेटला बंधारा

धुळे

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र वाचून रात्री बराच वेळ झोप लागली नाही. धाकटा गणिताचे उत्तर शोधता शोधता पैसे लावून पत्ते खेळण्याच्या संकेतस्थळावर पोहोचला, संगणकावर तू ते बंद केलेस, तर दुसऱ्या दिवशी तेच त्याला वहिनींच्या मोबाइलवर दिसले. अरे, एकेका यंत्राला कुलूप लावत बसलास तर तू थकशील. आपल्या पांझरा नदीवरच्या सामायिक सिंचनाच्या फड पद्धतीत पाटकरी पाणी वरच्या दारापाशीच वळवतो, तसा बंदोबस्त घरातल्या राउटरवर, म्हणजे घरभर इंटरनेट वाटणाऱ्या पेटीवर, करायला हवा.

त्यामागचे कारण सांगतो. संकेतस्थळाचे नाव टाइप केले की यंत्र आधी ‘डीएनएस’ नावाच्या सेवेला त्या नावाचा अंकी पत्ता विचारते. ही व्यवस्था १९८३ पासूनची आहे. कोणत्या डीएनएसला विचारायचे, हे घरातल्या बहुतेक यंत्रांना राउटरच सांगतो. म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये १.१.१.३ आणि १.०.०.३ हे क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या गाळणाऱ्या डीएनएसचे पत्ते भरलेस, तर अश्लील आणि घातक संकेतस्थळांचा पत्ताच घरात कोणाला मिळणार नाही. मात्र जुगार त्यात अडत नाही, आणि तुझी अडचण नेमकी तीच आहे. त्यासाठी ओपनडीएनएस या दुसऱ्या डीएनएस सेवेवर खाते उघडून जुगाराचा वर्ग निवडावा लागतो, किंवा माझ्यासारखे रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर ‘पाय-होल’ हा नावे गाळणारा प्रोग्राम चालवून नको त्या नावांची यादी स्वतः ठेवावी लागते. तसे केलेस तर तो संगणक इन्व्हर्टरवर ठेव. मी ठेवला नव्हता, त्यामुळे वीज गेली की राउटर चालू असूनही एकही पान उघडत नसे.

आता जी गोष्ट मला मनापासून सांगायची आहे ती ही. सुरुवातीला मी कोणाला न सांगता एक भलीमोठी तयार यादी लावली. दोन दिवस थोरलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज उघडेना, आणि मी इंटरनेटवाल्यांना दोष देत राहिलो. अखेर भर उन्हात सायबर कॅफेत जाऊन तिने अर्ज भरला. संध्याकाळी खरे कारण कळल्यावर ती एवढेच म्हणाली, “बाबा, बंद केलं होतं तर सांगायचं ना.” तिच्या त्या वाक्याने मला फार लागले. त्या रात्री आम्ही चौघे एकत्र बसलो, यादीतला प्रत्येक वर्ग वाचला, दोन काढले, आणि काही अडले तर मला नि:संकोच सांगायचे असे ठरवले. तेव्हापासून धाकटी स्वतःहून येऊन सांगते की अमुक जाहिरातीतून भलतेच पान उघडले. तूही मुलाला आधी जवळ बसव, राउटरला नंतर हात लाव. तो चुकून तिथे गेला होता. आपण पकडले गेलो असे त्याला वाटू देऊ नकोस.

या बंधाऱ्याला गळती आहे, हेही ध्यानात ठेव. मोबाइलचा स्वतःचा डेटा चालू केला की घरच्या राउटरचा काही संबंधच उरत नाही. अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून ‘प्रायव्हेट डीएनएस’ची सोय आहे, तिथे वहिनींच्या फोनवर गाळणाऱ्या सेवेचे नाव भरलेस तर डेटावरही आडोसा राहील. काही ब्राउझर मात्र डीएनएसचा प्रश्न बंद लिफाफ्यातून थेट बाहेर पाठवतात, त्यांच्यातली ती सोय बंद करावी लागते. व्हीपीएनपुढे, म्हणजे सगळी ये-जा बंद बोगद्यातून नेणाऱ्या सोयीपुढे, तर यातले बहुतेक उपाय थिटेच पडतात. शिवाय डीएनएस अख्खे संकेतस्थळच बंद करते, त्यातले एखादे पान किंवा एखादी चित्रफीत त्याला वेगळी काढता येत नाही.

राउटरच्या खालच्या बाजूचा फोटो पाठव, पण चिकटवलेल्या चिठ्ठीवरचा पासवर्ड झाकून. काही राउटरांत डीएनएसची जागा कंपनीने बंद ठेवलेली असते. तुझ्या राउटरात तसे असेल तर येत्या रविवारी मी माझा जुना राउटर घेऊनच शिरपूरला येतो.

तुझा,
वसंत