विज्याला, पतंग सुटल्याबद्दल

दर्यापूर तालुका,
१८ नोव्हेंबर

प्रिय विज्या,

चार महिने पत्र नाही. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढं वाच. गुडघा तसाच आहे.

माझ्या हातून तीन पतंग सुटले. मांज्याचे नव्हेत, अळीपासून होणारे. घरी सांगितलं तर हसतील.

बांधावरच्या रानपोपटीवर असल्टाच्या, म्हणजे घाटेअळीच्या बहीण-जातीच्या, अळ्या सापडल्या. म्हटलं, घाटेअळीशी सोयरीक जुळवून पाहू. दोघींच्या नर बोलावणाऱ्या गंधात तीच दोन द्रव्यं, प्रमाण उलटं. रानात एकमेकांना विचारत नाहीत. बरणीत कोंडल्यावर मात्र लग्न लागलं! आई घाटेअळी, बाप असल्टा. अळ्या एकमेकींना खातात म्हणून प्रत्येकीला वेगळी बाटली, अन् हरभऱ्याच्या पिठाचं खाद्य शिजवणं आलंच. आई विचारते, "एवढा झुणका कोणासाठी रे?"

कोष झाल्यावर भिंगाखाली शेपटं पाहत बसलो. मादीची जननचीर पोटाच्या आठव्या खंडावर, नराची नवव्यावर. चाळीस कोष उलटेपालटे केले, धड मुलगी एक नाही. काही पतंग तर ना नर ना मादी. उलट जोडीत मात्र मुलगे-मुली दोन्ही धडधाकट. अकोल्याला होस्टेलात हॉल्डेनच्या १९२२ च्या नियमावरून आपण रात्रभर भांडलो होतो, आठवतं? ज्या लिंगाची दोन लिंग-गुणसूत्रं वेगवेगळी, संकरात मार त्यालाच; पतंगांत झेड-डब्ल्यू मादी, म्हणून मार तिला. तू म्हणालास, "आई कोण, बाप कोण, काय फरक पडतो?" पडतो लेका! मुलीचा झेड बापाचा, डब्ल्यू अन् पेशीतलं घर आईचं. पैजेचा चहा अजून बाकी आहे.

तर मंगळवारी रात्री उंदरानं पिंजऱ्याची मलमल कुरतडली. सकाळी मोजले, तीन नर कमी. हे नर वांझ नाहीत रे. शेजारी काकांची तूर फुलावर, अन् फवारणी उधारीवर. मला कळतं, रानात घाटेअळीचे पतंग आधीच इतके आहेत की हे तीन कुठं लागतात! मादीच्या वासाचा कामगंध सापळा लावला, सकाळी बारा नर अडकलेले; माझे कोणते, नुसत्या डोळ्यांनी सांगता येईना. काका बांधावरून ओरडले, "मास्तर, यंदा अळी जास्त दिसते!" मी मान हलवली. त्या तुरीतली प्रत्येक अळी मला नातवंड वाटायला लागलीय. काकांना सांगू का? तू असतास तर आधी हसला असतास, मग सांगायला लावलं असतंस.

पिंकीची दहावी यंदाच ना? नव्या घरी पाणी येतं का? वहिनींना नमस्कार.

दिवाळी झाली तरी ये. तुझं दहा पटीचं भिंग आण, पाच कोष अजून फुटायचेत.

तुझा,
बाळ्या