तक्रार: क्लोरहेक्सिडिनच्या मराठी पत्रकातील चुकीचे प्रमाण

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: ४% क्लोरहेक्सिडिन स्क्रबच्या (शस्त्रक्रियेपूर्वी कातडी धुण्याच्या साबणयुक्त जंतुनाशकाच्या) पत्रकातील सूचना बदलण्याबाबत

महोदय,

तुमच्या ५०० मिली बाटलीसोबतच्या पत्रकात असे छापले आहे: ‘कुत्र्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी १०० मिली औषधात उकळलेले पाणी घालून १ लिटर करावे व सर्व भाग धुवावेत. द्रावण आठवडाभर चालते.’ अखंड कातडीवर हे औषध चांगले काम करते, त्याबद्दल तक्रार नाही. पण ‘सर्व भाग’ म्हटल्यावर पट्टीबंधक (मलमपट्टी करणारा कर्मचारी) शिश्नावरणाची, म्हणजे लिंगावरच्या आवरणाची, पोकळीही याच द्रावणाने धुणार, आणि तिथेच घोळ होतो.

नराच्या त्या पोकळीत स्टॅफिलोकोकस, स्ट्रेप्टोकोकस, ई. कोलाय असे जंतू निरोगी कुत्र्यातही असतात. खच्चीकरणाचा छेद अंडकोशाच्या जरा पुढे घेतात. मूतखड्यासाठी पोट उघडताना तर शिश्नावरण छेदाला चिकटूनच असते. म्हणून ती पोकळी आतून धुवावी लागते. ती कातडी नव्हे, नाजूक श्लेष्मल त्वचा (तोंडाच्या आत असते तसे ओलसर अस्तर) आहे. तिथे क्लोरहेक्सिडिन चालते ते ०.०५%. तुमच्या हिशेबाने होते ०.४%, म्हणजे आठपट, शिवाय स्क्रबमधला फेस करणारा साबण वेगळाच. मग आतून लाली येते, सूज येते, शुद्धीवर आलेला कुत्रा ती जागा सारखी चाटतो आणि शेजारचे टाकेही चाटून उसवतो. मालक म्हणतो, टाके कच्चे घातले.

या जागेसाठी साबण व स्पिरिट नसलेले क्लोरहेक्सिडिनचे साधे २% द्रावण घ्यावे. २५ मिलीचे १ लिटर केले की ०.०५% होते. नाहीतर १०% पोव्हिडोन आयोडीनचा एक भाग व नऊ भाग निर्जंतुक सलाईन. कुत्रा भुलीखाली गेल्यावर आधी केस कापावेत, मग बिनसुईच्या सिरिंजने अंगाप्रमाणे १० ते २० मिली द्रावण आत सोडावे, शिश्नावरणाचे तोंड बोटांनी दाबून धरावे, हलके चोळावे, एक-दोन मिनिटांनी सोडून द्यावे. पिवळट चिकट स्राव असेल तर बाहेर येणारे द्रावण गाळरहित होईपर्यंत पुन्हा करावे, कारण पू आणि घाण आयोडीनची ताकद खाऊन टाकतात. बाहेरची कातडी त्यानंतर. अंडकोशावर ब्रश आणि स्पिरिट नकोच. पोट उघडायचे असेल तर शिश्नावरण टॉवेल क्लिपने बाजूला धरून वरून कापड टाकावे.

आता पाणी. आम्ही दर्यापूर तालुक्यातले, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातले (जमिनीतले पाणी खारट असलेल्या भागातले). इथल्या बोअरच्या पाण्यात क्लोराइड, सल्फेट भरपूर. क्लोरहेक्सिडिन या क्षारांशी जुळते आणि न विरघळणारे क्षार होऊन खाली बसते: द्रावण दुधाळ होते, तळाशी पांढरा साका धरतो, वर उरते त्यात औषध कमी. पाणी उकळल्याने जंतू मरतात, क्लोराइड जात नाही. वाफ गेल्यावर ते उलट घट्टच होते. सलाईनमध्येही हे औषध थोड्या वेळाने साका धरते. म्हणून पत्रकात ‘डिस्टिल्ड वॉटर’ असे ठळक छापायला हवे. अकोला, बुलढाण्याच्या खारपाणातही हीच अडचण.

आठवडाभर टिकण्याची सूचना तर घातकच. पातळ केलेल्या क्लोरहेक्सिडिनमध्ये स्यूडोमोनाससारखे जंतू तग धरतात, वाढतातही. पत्रकावर विसंबून ठेवलेला डबा म्हणजे जंतुनाशकाच्या नावाखाली जंतूंचे विरजण. द्रावण रोज ताजे करावे, उरलेले ओतून द्यावे, भांड्यावर तारीख लिहावी. बाटलीवर मोजमापाच्या खुणा नाहीत आणि झाकणही मापाचे नाही, हीदेखील अडचण आहेच.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार वापराच्या अपुऱ्या सूचनांची जबाबदारी उत्पादकावर येते. तेव्हा हे पत्रक बाजारातून परत घ्यावे. नव्या पत्रकात कातडीसाठी हे स्क्रब व श्लेष्मल त्वचेसाठी साधे द्रावण यांची प्रमाणे वेगवेगळी द्यावीत, बाटलीच्या दर्शनी भागावर ‘श्लेष्मल त्वचेवर वापरू नये’ हे मराठीत मोठ्या अक्षरांत छापावे, आणि तालुक्याच्या विक्रेत्यांकडे पडून असलेल्या खोक्यांत दुरुस्तीची चिठ्ठी पोहोचवावी. पत्रक व साका धरलेल्या द्रावणाचे फोटो, बॅच क्रमांकासह, सोबत जोडले आहेत. लेखी उत्तर पंधरा दिवसांत मिळावे.

आपले ग्राहक,
पशुशस्त्रक्रिया पथक, दर्यापूर तालुका, जि. अमरावती