भिंतीवरचे सांगाडे आणि खांदेकरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला उत्तर इटलीवरचा प्रवासलेख वाचला. क्लुझोने गावातल्या ‘दिशिप्लिनी’ या धार्मिक संघाच्या प्रार्थनागृहाला लेखकाने ‘स्वतःला फोडून घेणाऱ्या माथेफिरूंचा अड्डा’ म्हटले आहे. बाहेरच्या भिंतीवरचे सांगाड्यांचे चित्र म्हणजे 1348च्या प्लेगच्या महामारीची दहशत, असेही ठरवून टाकले आहे. दोन्ही विधाने घाईची आहेत.

आधी सनावळ्या. हे चित्र 1485चे, चित्रकार जाकोमो बोरलोनेच्या नावावर सांगितले जाणारे. महामारीला तेव्हा 137 वर्षे उलटली होती. प्लेग मधूनमधून डोके वर काढत होता हे खरे, पण पश्चात्ताप म्हणून स्वतःला चाबकाने मारून घेण्याची प्रथा त्या महामारीच्याही आधीची. पेरूजा शहरातून पश्चात्तापाच्या अशा मिरवणुका निघाल्या त्या 1260 साली. मिरवणुका ओसरल्या आणि त्यांतून गावोगाव संघ उभे राहिले. ही माणसे पाद्री नव्हेत, पोटापाण्याचे उद्योग करणारी संसारी माणसे. आपला प्रमुख आपणच निवडायचा, वर्गणी काढायची, हिशेब ठेवायचा. चाबूक हा त्यांच्या व्रताचा एक भाग. बाकी आजाऱ्याची विचारपूस, गरिबाघरी भाकरी आणि मुख्य म्हणजे मयताला खांदा. सदस्य गेला की बाकीच्यांनी प्रेतयात्रेला यायचे, त्याच्यासाठी प्रार्थना म्हणायची. मागे कोणी नसलेल्याचीही माती नीट व्हावी, याची ही सोय. जवळच्या बर्गामोत 1265 साली निघालेल्या मिझेरिकोर्दिया संघाने तर बायकांचीही नावे नोंदवून घेतली, वेगळ्या यादीत.

आता चित्राकडे पाहा. वर मुकुट घातलेला सांगाडा थडग्यावर उभा, थडग्यात पोप नि सम्राट आडवे, भोवती मृत्यूला धनदौलत देऊ पाहणारे बडे लोक. आपण छायाचित्र छापलेत ते एवढ्याच भागाचे. खालच्या पट्ट्यात जिवंत माणसे एकेका सांगाड्याबरोबर नाचाला निघाली आहेत. एका बाईच्या हाती आरसा आहे, आणि त्याच रांगेत चाबूक बाळगणारा खुद्द संघाचा माणूस. स्वतःला त्यांनी वगळलेले नाही! सोबतचा मजकूरही लॅटिनमध्ये नाही, तिथल्या लोकभाषेत आहे. त्याचा आशय असा: मनापासून देवाची सेवा करणाऱ्या, या नाचाला यायला भिऊ नकोस, आनंदाने ये, जन्मला त्याला मरण आहेच. यात दहशत लेखकाला कुठे दिसली कोण जाणे.

मार्च 2020 मध्ये याच बर्गामो प्रांतातून लष्करी ट्रकांनी शवपेट्या हलवल्या, नातलगांनाही अंत्यविधीला जमता येईना. खांद्याला माणसे नसणे म्हणजे काय, हे तेव्हा साऱ्या जगाने पाहिले. त्या भागातून फिरून आलेल्याने तरी अशा संघाला माथेफिरू म्हणताना थोडा विचार करायला हवा होता.

आम्हा गोवेकरांना हे फारसे परके नाही. पोर्तुगिजांबरोबर आलेल्या कॉन्फ्रारिया, म्हणजे असेच धार्मिक संघ, आमच्या चर्चमधून आजही आहेत. फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, मिरवणुकीत रंगीत झगे घालून चालणारी गावकरी मंडळी याच परंपरेतली.

प्रार्थनागृहाच्या आत 1470च्या सुमारास रंगवलेली ख्रिस्तचरित्राची चित्रे आहेत. लेखात त्यांचा साधा उल्लेखही नाही. लेखक दारावरूनच परतले असावेत. निदान बाहेरच्या चित्राच्या खालच्या पट्ट्याचे छायाचित्र पुढच्या पुरवणीत छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, म्हापसा