कपाट पांढरं करण्याआधी

सावंतवाडी,
दसरा

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

तुझा फोन ठेवल्यावर मी आणि तुझी आई बराच वेळ काही बोललो नाही. मग ती म्हणाली, "कपाट पांढरा केलान तर माका फोटो धाडू नको म्हणान सांग तिका." निरोप पोचवला. आता माझं ऐक. मी तिच्याइतका कडक नाही.

आज सकाळी आजोबांचा रंधा, दोन पटाश्या आणि करवत पाटावर मांडून पूजा केली. झेंडूची फुलं वाहिली. मी बँकेत कारकुनी केली, सुतारकी अर्धीच शिकलो. पण पॉलिशचा बोळा मात्र त्यांनी मला हातात धरून शिकवला होता. म्हणून हे पत्र. फोनवर सांगायला गेलो तर तू "हो बाबा, हो बाबा" म्हणत दुसरंच काहीतरी करत असतेस.

तू पाठवलेला फोटो पाहिला. पांढरा रंग देऊन नंतर कडा मुद्दाम खरवडलेलं कपाट. जुनं दिसावं म्हणून! आजोबांनी केलेलं आपलं कपाट ६२ सालचं आहे, त्याला जुनं दिसण्यासाठी काही करावं लागत नाही. पण ते राहू दे. तुझी खोली दहा बाय अकराची, खिडकी एकच आणि तीही समोरच्या इमारतीकडे तोंड करून. त्यात सहा फुटी काळपट कपाट म्हणजे कोपऱ्यात कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं, हे तुझं म्हणणं खरं आहे. फक्त तो काळपटपणा लाकडाचा नाही. साग इतका काळा नसतो. त्यावर साठ वर्षांची धूळ, उदबत्तीचा धूर आणि हातांचा तेलकटपणा बसलाय.

आधी एवढं कर. फडकं साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळ आणि सगळं कपाट पुसून काढ, लगेच कोरड्या कपड्याने टिप. मग दाराच्या आतल्या कडेला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, कापसावर थोडं स्पिरिट घेऊन घास. जागा चिकट झाली आणि कापूस तांबूस झाला तर वरचं पॉलिश चपड्याचं आहे. आजोबा दुसरं काही वापरत नसत, तेव्हा तेच निघेल. काहीच झालं नाही तर मला फोन कर, मग मध्ये कुणीतरी व्हार्निश फासलेलं असणार.

चपडा म्हणजे लाखच. पळस, बोर, कुसुंब या झाडांवर किडे ती तयार करतात. ती वितळवून, गाळून पातळ पत्र्यासारखी ताणली की चपडा. तू लहानपणी चितारआळीत तासन् तास उभी राहायचीस, आठवतं? कातारी फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवायचा आणि घासून घासून ती वितळत रंग चढायचा. तिचीच ही बहीण. चपड्याचा मोठा गुण असा की नवीन हात, म्हणजे नवा थर, जुन्यात विरघळून एक होतो. त्यामुळे सगळं खरवडून काढायची गरज नाही. २२० नंबरचा पॉलिशपेपर हलक्या हाताने, मग ३२०चा, आणि तोही लाकडाच्या रेघांच्या दिशेने. आडवा पेपर फिरवलास तर ते ओरखडे पॉलिशखालून जन्मभर दिसत राहतील.

एक लिटर स्पिरिटला साधारण दीडशे ग्रॅम चपडा. रात्रभर काचेच्या बरणीत भिजू दे. लोखंडी डब्यात नको, काळा पडतो. सकाळी मलमलमधून गाळ. मग कापसाचा गोळा मलमलच्या तुकड्यात बांधून बोळा कर, लिंबाएवढा. तो ओला हवा, ठिबकता नको. टेकवलास की चालता ठेव. मध्ये थांबलीस तर तिथेच चिकटतो आणि खालचं पॉलिश उचलून आणतो. माझी पहिली फळी अशीच गेली. आजोबा काही बोलले नाहीत, नुसता पेपर पुढे केला. पाच-सहा पातळ हात दे, दोन हातांमध्ये अर्धा-पाऊण तास जाऊ दे. बोळा ओढल्यासारखा वाटला तर त्यावर जवसाच्या तेलाचा एक थेंब. एकच. आणि तेल लागलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नकोस, ती आपोआप तापून पेटतात. दोरीवर पसरून वाळव, मग फेक. काम चालू असताना खिडकी उघडी हवी, आणि गॅस, निरांजन, उदबत्ती काहीही पेटतं नको.

हे सगळं आत्ता नाही. तुमच्याकडेही परतीचा पाऊस अजून रेंगाळतोय म्हणालीस ना? दमट हवेत स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर बाष्प धरतं आणि पॉलिश दुधासारखं पांढुरकं होतं. तुला पांढरं कपाट हवंय हे मान्य, पण असं नको. आठवडाभर कडक ऊन पडू दे.

एवढं करूनही नाहीच आवडलं, तर पांढरा दे. मी अडवणार नाही. मात्र त्याआधीही चपड्याचे दोन हात हवेतच, नाहीतर सागातला अंश वर येऊन पांढऱ्यावर पिवळे डाग फुटतात. हे मी वाचून सांगत नाहीये. ९१ साली, लग्नानंतर, मी आजीचं शिसवी टेबल ऑइलपेंटने गुलाबी केलं होतं. गुलाबी! एका दुकानदाराने सांगितलं थेट मारा, मी थेट मारला. पावसाळ्यात पापुद्रे सुटले, आणि पुढे ते खरवडायला मला चार दिवस लागले. आजी शेजारी बसून तांदूळ निवडत होती आणि अधूनमधून हसत होती.

मला सुचतं ते असं, की कपाट बाहेरून लाकडाचंच राहू दे आणि आतून पांढरं कर. दार उघडलं की उजळ वाटेल, काळे कपडेही सापडतील. उजेडाचं म्हणशील तर दोष दिव्याचा आहे. छताला ती पांढरी ट्यूब लावून कुठलीही निजायची खोली दवाखान्यासारखीच दिसते. पलंगाशेजारी एक पिवळसर दिवा ठेव. खोक्यावर २७०० केल्विन लिहिलेला बघून घे. पडद्याचा दांडा खिडकीच्या चौकटीवर वीतभर उंच लाव आणि पडदा जमिनीपर्यंत सोड, खिडकी मोठी दिसते. भोकं पाडायला घरमालक नाही म्हणत असेल तर दोन भिंतींमध्ये अडकणारे स्प्रिंगचे दांडे मिळतात. भिंतीवर काही लावायचं तर आजीच्या नऊवारीची गोधडी आहेच. ट्रंकेत घडी घालून तिचं काय चाललंय? दांड्याला टांग. टाके जवळून बघ, एका सरळ रेषेत नाहीत. संध्याकाळी दिवे गेले की आजी ते चिमणीच्या उजेडात घालायची.

दिवाळीचं. गेल्या वर्षीसारखा चमकणारा प्लास्टिकचा कंदील आणू नकोस. २०१८ पासून राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हा गणपतीच्या मखराचं काय करायचं म्हणून शहरात लोक हवालदिल झाले होते. आपल्याकडे काय फरक पडला? माटवी होतीच. लाकडी चौकट, तिला आंब्याचे टाळे, नारळ, सुपारीची शिपटी, कवंडळं, कांगले, हरणाची फुलं. बाजारातून आणायचं कमी, रानातून आणायचं जास्त, आणि अकरा दिवसांनी सगळं मातीला. मला अजूनही त्याहून देखणी सजावट माहीत नाही, पण मी पक्षपाती आहे.

तर कंदिलाचा सांगाडा मी बांबूच्या काड्या तासून, दोऱ्याने बांधून पाठवतोय. घडी होतो, दोरा ओढलास की उभा राहील. पतंगी कागद तिथे घे. दोनच रंग घे, पाच घेतलेस की जत्रा होते. खळ मैद्याची कर, पातळ. जाड झाली की कागद सुकताना सुरकुततो. शेपट्या हातभर लांब ठेव. आत पाच वॉटचा एलईडी. जुना तापणारा बल्ब लावलास तर कागद करपेल. दिवाळी झाली की कागद काढ आणि सांगाडा जपून ठेव, डिसेंबरात त्यालाच पांढरा कागद लावून खिडकीत टांगता येईल. आपल्या वाड्यावरची ख्रिस्ती मंडळी नाताळची चांदणी अशाच काड्यांची करतात. ह्या काड्या तासायची सुरी मी त्यांच्याकडूनच आणली.

पार्सलमध्ये पाव किलो चपडा, माझ्या जुन्या धोतराचं मलमल आणि आईचे लाडू आहेत. चपडा आणि लाडू वेगवेगळ्या पिशव्यांत बांधलेत, तरी वास घेऊन मगच खा. स्पिरिट पार्सलने पाठवता येत नाही, ते हार्डवेअरच्या दुकानात मिळेल. आणि पॉलिश झालेल्या लाकडावर गरम चहाचा कप ठेवू नकोस, पांढरं वर्तुळ उमटतं. तू ठेवणारच, म्हणून खाली काहीतरी घालत जा.

तुझा,
बाबा

ता. क. – सगळ्यात खालचा खण पूर्ण बाहेर काढून उलटा करून बघ. तिथे आजोबांनी पेन्सिलीने लाकडाचा हिशोब लिहिलाय. बेरीज दोन रुपयांनी चुकलेली आहे. तेवढ्या जागेवर पेपर फिरवू नकोस.